ध्रुवावरचा ओझोन हिवाळ्यात किती गेला, हे मोजतात कसं? बेळगावकडून आलेले प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत आणि वाचनालयांत 16 सप्टेंबरच्या आगेमागे ओझोन दिनाची भाषणं होतात. भाषण बहुतेकदा ‘झाडे लावा’वर येऊन थांबतं. झाडं लावावीतच, पण ओझोनच्या भोकाशी त्यांचा संबंध नाही. खरे प्रश्न भाषण संपल्यावर, चहाच्या वेळी निघतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथं घेतलेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच भाषेत.

अहो सर, बेळगावात बसून ध्रुवावरच्या ओझोनची नसती पंचाईत कशाला?

कारण तो ओझोन बराचसा आपल्याकडचाच आहे. ओझोन तयार होतो मुख्यतः विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यात, तिशीपार किलोमीटर उंचीवर, जिथं सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात. बेळगाव सुमारे 16 अंश उत्तरेला, म्हणजे या कारखान्याच्या ऐन खाली. तिथून वरच्यावर एक संथ प्रवाह हा ओझोन ध्रुवांकडे नेतो आणि तिथं खाली उतरवतो. त्याला ब्रुअर-डॉब्सन अभिसरण म्हणतात.

गंमत अशी की जिथं ओझोन बनतो तिथं तो कमी आणि जिथं महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही तिथं जास्त. आपल्या डोक्यावर साधारण 250 ते 280 डॉब्सन युनिट असतो. मार्चमध्ये उत्तर ध्रुवाकडे चांगल्या वर्षी 400 च्या वर जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

डॉब्सन युनिट म्हणजे?

डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला खाली आणून पसरला तर जो थर होईल, त्याचा एक शतांश मिलिमीटर म्हणजे एक डॉब्सन युनिट. 300 युनिट म्हणजे फक्त 3 मिलिमीटर. नाव ऑक्सफर्डच्या जी. एम. बी. डॉब्सन यांचं. त्यांनी 1920 च्या दशकात बनवलेल्या उपकरणाच्या पुढच्या आवृत्त्या आजही काम करताहेत.

मग त्यात अवघड काय? डिसेंबरात मोजा, मार्चमध्ये मोजा, वजाबाकी करा.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी शाबासकी देतो, कारण या विषयातली सगळी मेख इथंच आहे. तशी वजाबाकी केली तर उत्तर ध्रुवावर पुष्कळदा उत्तर उणे येतं. म्हणजे हिवाळ्यात ओझोन वाढलेला दिसतो!

राकसकोपच्या जलाशयाचं बघा. जुलैत पातळी भराभरा चढते. म्हणून काय त्या महिन्यात शहरानं पाणी वापरलंच नाही? वापरलं, पण मार्कंडेयेतून आत येणारं पाणी त्याच्या कितीतरी पट होतं. नुसत्या पातळीवरून खप कळत नाही. आवक किती झाली ते आधी कळावं लागतं.

ध्रुवावर हिवाळाभर आवक चालूच असते. थंड होत जाणारी हवा खाली बसत जाते आणि वरच्या थरातली ओझोनसंपन्न हवा तिची जागा घेते. त्याच वेळी रासायनिक क्रिया ओझोन खात असते. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच काळात. त्यामुळं ‘किती आहे’ आणि ‘किती गेला’ हे दोन वेगळे प्रश्न होतात. पहिल्याचं उत्तर उपकरण देतं. दुसऱ्याचं उत्तर उपकरण देऊच शकत नाही, ते काढावं लागतं. बातम्यांत मात्र दोन्ही सर्रास एकच धरले जातात.

हिवाळ्यातच का खाल्ला जातो? ऊन तर नसतं तेव्हा.

दोन टप्पे आहेत. अंधारात तयारी होते, उजेडात काम होतं.

क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी), म्हणजे जुन्या फ्रीजमधला आणि फवाऱ्यांतला वायू, स्थितांबरात, म्हणजे ओझोन असतो त्या वरच्या थरात, पोचून फुटला की क्लोरीन सुटतो. हा क्लोरीन एरवी दोन निरुपद्रवी संयुगांत बांधलेला असतो: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. ध्रुवीय रात्रीत 20 किलोमीटरच्या आसपास तापमान उणे 78 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की नायट्रिक आम्ल आणि पाणी मिळून बारीक कण बनतात. उणे 85 च्या सुमारास निव्वळ बर्फाचेही बनतात. हेच ध्रुवीय स्थितांबरी ढग. या कणांच्या पृष्ठभागावर ती दोन संयुगं एकमेकांशी क्रिया करतात आणि क्लोरीन मोकळा होतो. ही गोष्ट 1986 मध्ये सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि त्याच वर्षी त्या मोजमापं घ्यायला अंटार्क्टिकावर मॅकमर्डोलाही गेल्या.

मग सूर्य क्षितिजावर येतो. क्लोरीनचे अणू ओझोन फोडून क्लोरीन मोनॉक्साइड बनवतात, त्याचे दोन रेणू जोडीनं एकत्र येतात, उजेड ती जोडी फोडतो आणि क्लोरीन पुन्हा मोकळा. चक्र फिरत राहतं. मोठे कण जर जडपणानं खाली पडून गेले तर त्यांच्याबरोबर नायट्रोजनही जातो, आणि मग क्लोरीनला परत बांधून ठेवायला काही उरत नाही. असा हिवाळा सर्वांत वाईट.

दक्षिणेकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, हे पोरांना सांगावं लागतं. खानापुरात धो धो कोसळत असतं तेव्हा अंटार्क्टिकावर हे ढग बनत असतात आणि आपल्याकडं घट बसतात त्या सुमाराला भोक सर्वांत खोल असतं.

महिनोन्‌महिने अंधार असतो तर मोजतात कसं?

चांगला प्रश्न, कारण निम्मी उपकरणं इथंच बाद होतात. डॉब्सनचं उपकरण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांच्या दोन तरंगलांबी ताडून बघतं. सूर्य नाही तर काम नाही. फार तर पौर्णिमेच्या आगेमागे चंद्रप्रकाशावर मोजता येतं. 1978 मध्ये निंबस-7 वर गेलेलं टॉम्स हे उपकरण किंवा 2017 च्या सेंटिनेल-5पी वरचं ट्रोपोमी, हेही परतणाऱ्या सूर्यप्रकाशावरच चालतात. म्हणून उपग्रहाच्या रंगीत नकाशात हिवाळ्यात ध्रुवावर एक रिकामा गोल दिसतो. बऱ्याच जणांना तो गोल म्हणजेच ‘भोक’ वाटतो! तो फक्त अंधार आहे.

काही यंत्रणा अंधाराला जुमानत नाहीत. ऑरा उपग्रहावरचं एमएलएस हे उपकरण 2004 मध्ये वर गेलं. हवेचे रेणू स्वतः जी सूक्ष्मलहरी सोडतात ती ते ऐकतं, त्यामुळं रात्र-दिवस सारखेच. आणि ओझोनबरोबर क्लोरीन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, नायट्रिक आम्ल, नायट्रस ऑक्साइड असं सगळं एकदमच मोजतं, म्हणजे चोर आणि चोरीचा माल दोन्ही दिसतात. फ्रेंचांचं साओझ हे उपकरण जमिनीवरून सरळ वर, खस्वस्तिकाकडं बघतं आणि पहाट-संध्याकाळच्या संधिप्रकाशावर काम भागवतं. ध्रुववृत्ताच्या आसपास त्याला हिवाळाभर संधिप्रकाश मिळतो, पण फार आत, 79 अंशांवरच्या नी-ओलेसुंदसारख्या (नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या) ठिकाणी ऐन डिसेंबरात तेही गप्प बसतं.

उरला फुगा. तो कधीही सोडता येतो.

फुग्याखालच्या त्या डब्यात असतं तरी काय?

थर्माकोलची पेटी. आत टेफ्लॉनचा एक छोटा पंप, बॅटरी आणि दोन लहान कुप्या. दोन्हीत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, एकीत फिकं, दुसरीत संपृक्त. फिक्या कुपीत अवघे 3 मिलिलिटर. पंप बाहेरची हवा ओढून त्या कुपीत बुडबुडे सोडतो. हवेत ओझोन असेल तर तो आयोडाइडमधून आयोडीन सुटा करतो आणि त्याचं परत आयोडाइड होताना ओझोनच्या एका रेणूमागं दोन इलेक्ट्रॉन तारेतून जातात. विद्युतप्रवाह किती? काही मायक्रोअँपिअर. तो मोजला, हवा मिनिटाला किती आली ते माहीत असलं, की ओझोन कळला. 1960 च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर कोमर यांनी हे उपकरण बसवलं. तत्त्व तेव्हापासून तेच.

खरी मेहनत सोडण्याआधीची. पंपाचा वेग आधी साबणाच्या फेसानं मोजतात: खुणा केलेल्या काचेच्या नळीत साबणाचा एक पडदा धरायचा आणि पंपाच्या हवेनं तो 100 मिलिलिटर अंतर सरकायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघायचं. साधारण अर्धं मिनिट लागतं. दोन सेकंदांचा फरक पडला तर पुढचं सगळं मोजमाप सहा-सात टक्क्यांनी हलतं. मग ओझोन अजिबात नसलेली हवा ओढून उरलेला प्रवाह किती ते टिपायचं, कारण तो नंतर वजा करायचा असतो. ध्रुवावर जेव्हा ओझोन जवळजवळ संपलेला असतो तेव्हा हा उरलेला प्रवाहच खऱ्या आकड्याएवढा मोठा होऊन बसतो. शिवाय वर हवा विरळ झाली की पंपाची ताकद कमी होते, त्याचीही दुरुस्ती करावी लागते. एवढं सांभाळलं तर स्थितांबरात 5 ते 10 टक्क्यांच्या आत बरोबर उत्तर येतं.

फुगा 30 ते 35 किलोमीटरवर फुटतो, पण ध्रुवीय रात्रीच्या थंडीत रबर कडक होऊन लवकरच फाटतं. म्हणून काही तळांवर फुगा आधी ऊब देऊन तेलात बुडवतात, दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात चक्क प्लास्टिकचे फुगे वापरतात. पेटी परत मिळण्याची आशा कोणी धरत नाही.

समजा फुगा सोडला, आकडा आला. ‘आवक’ वेगळी कशी काढायची?

तीन-चार वाटा आहेत. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती ‘मॅच’ पद्धत, कारण तिच्यात चलाखी आहे आणि फारसं गृहीत धरावं लागत नाही.

कल्पना अशी: एका तळावर, समजा फिनलंडमधल्या सोदान्किलाला, फुगा सोडला आणि 19 किलोमीटरवर ओझोन मोजला. आता वाऱ्याच्या नोंदींवरून ती हवा पुढं कुठं कुठं जाईल ते संगणकावर काढायचं. पाच-सात दिवसांनी ती हवा ग्रीनलंडवरून जाणार असं दिसलं की तिथल्या लोकांना निरोप: अमुक वाजता फुगा सोडा. तोच हवेचा तुकडा दुसऱ्यांदा सापडला, चार-पाचशे किलोमीटरच्या आत, तर झाली जोडी. हवा तीच, त्यामुळं आवकजावकीचा प्रश्नच मिटतो. दोन मापांतला फरक रसायनाचा.

एका जोडीवर कोणी भिस्त ठेवत नाही, वाऱ्याच्या हिशेबातही चूक असतेच. म्हणून तीसेक तळ आणि एका हिवाळ्यात शेकडो फुगे. मग त्या जोड्या ‘दोन मापांच्या मध्ये हवेला किती तास ऊन मिळालं’ या क्रमानं मांडायच्या. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे पेटर फॉन डेअर गाटेन, मार्कुस रेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991-92 च्या हिवाळ्यातल्या नोंदींवर हे प्रथम करून बघितलं, तेव्हा चित्र स्वच्छ आलं: अंधारात काही घटत नाही, उन्हाच्या तासांबरोबर घट वाढत जाते. क्लोरीनचं चक्र चालायला उजेड लागतो हे प्रयोगशाळेतलं म्हणणं उत्तर ध्रुवाच्या हवेतच असं उमटलेलं दिसलं. पुढं 1994-95 पासून तळांना आगाऊ निरोप देऊन फुगे सोडायला लागले.

ही निरोपांची भानगड न करता हवेला खूण करता येत नाही का?

खूण आहेच, निसर्गानं केलेली. नायट्रस ऑक्साइड. खतं घातलेल्या शेतातूनही निघणारा हा वायू शंभराहून जास्त वर्षं टिकतो. खालच्या स्थितांबरात एका हिवाळ्यात त्याचं काही बिघडत नाही. वर जावं तसा तो कमी होतो, म्हणून हवा वरून खाली आली की तिच्यातला त्याचा आकडा सांगतो ही मूळची कुठली.

हिवाळ्याच्या सुरुवातीला, ध्रुवाभोवती गरगरणाऱ्या वाऱ्यांचा भोवरा बंद झाल्यावर, म्हणजे आतली हवा बाहेरच्या हवेपासून तुटल्यावर, नायट्रस ऑक्साइड एका अक्षावर आणि ओझोन दुसऱ्यावर घेऊन रेघ काढायची. हवा कितीही खाली बसली तरी ती रेघेवरच सरकते. मार्चमध्ये बिंदू रेघेच्या खाली पडले तर तेवढा ओझोन रसायनानं खाल्ला. दिसायला फार देखणी पद्धत. पण भोवऱ्याच्या कडेनं बाहेरची हवा आत मिसळली तर रेघ आपोआपच वाकते, आणि रसायन काहीही न करता घट झाल्यासारखी दिसते किंवा खरी घट झाकली जाते. यावर शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षं चांगलीच जुंपली होती.

तिसरी वाट संगणकाची: खऱ्या वाऱ्यांवर ओझोन नुसता वाहू द्यायचा, रसायन बंद ठेवायचं. त्या ‘निष्क्रिय’ ओझोनमधून मोजलेला ओझोन वजा केला की घट. साओझच्या लोकांनी वर्षानुवर्षं हीच वाट धरलीय. वारे चुकले की उत्तर चुकलं, हा तिचा कमकुवतपणा.

तिन्हींची उत्तरं एकमेकांजवळ आली तरच मी आकड्यावर विश्वास ठेवतो.

दक्षिणेला भोक पडतं, उत्तरेला नाही. असं का?

डोंगर आणि समुद्र-जमिनीची मांडणी. उत्तर गोलार्धात हिमालय, रॉकी, मोठे खंड. त्यांच्यावरून उठणाऱ्या लाटा वर स्थितांबरात जाऊन ध्रुवीय भोवरा डुचमळवतात, कधी आठवड्याभरात तापमान कित्येक अंश चढवून तो मोडूनच टाकतात. अंटार्क्टिकाभोवती नुसता समुद्र, भोवरा गोल आणि घट्ट. तरीही अपवाद आहेत: 2002 मध्ये दक्षिणेचा भोवरा चक्क दुभंगला, 2019 मध्येही अवेळी तापला आणि भोक लहान राहिलं.

दक्षिणेत वर्षावर्षात फारसा फरक नसतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 14 ते 20 किलोमीटरच्या थरात जवळजवळ काहीच उरत नाही. एका दिवसाचं सर्वांत मोठं क्षेत्रफळ सप्टेंबर 2000 मधलं, सुमारे 299 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. सर्वांत कमी नोंद 30 सप्टेंबर 1994 ची, 73 युनिट. भोक म्हणायची रेघ 220 युनिटांवर आखलीय.

2020 मध्ये उत्तर ध्रुवावर भोक पडलं आणि लॉकडाऊनमुळं बुजलं, असं व्हॉट्सअॅपवर आलं होतं.

पहिला भाग बराचसा खरा, दुसरा साफ खोटा.

त्या हिवाळ्यात भोवरा एप्रिलपर्यंत थंड आणि अभंग राहिला. 12 मार्चला 205 युनिटांची नोंद झाली. आणि 18 किलोमीटरच्या आसपास काही ठिकाणी 90 टक्क्यांहून जास्त ओझोन खाल्ला गेला होता. त्याआधीचा विक्रम 2011 चा, तेव्हा 18 ते 20 किलोमीटरच्या थरात 80 टक्क्यांच्या आसपास गेला होता. योगायोगानं 2020 मध्ये पोलारस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज बर्फात मुद्दाम अडकून ध्रुवाजवळ वाहत होतं, तिथूनही फुगे सुटत होते.

एप्रिलच्या शेवटी भोवरा मोडला, दक्षिणेकडची ओझोनवाली हवा आत शिरली, भोक गेलं. गाड्या आणि कारखाने बंद असण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. सीएफसी-12 हवेत शंभर वर्षं टिकतो, दोन महिन्यांच्या टाळेबंदीनं त्याला काय फरक पडणार?

उलट मार्च 2024 मध्ये उत्तर ध्रुवावरची सरासरी 477 युनिटांवर गेली, नोंदी सुरू झाल्यापासूनचा मार्चमधला उच्चांक. तेव्हा मात्र कोणी व्हॉट्सअॅप केलं नाही. तो उच्चांकही मुख्यतः लाटांनी जास्त ओझोन आणल्यामुळं, म्हणजे आवकेमुळं.

नासाच्या संगणकानं भोकाचे आकडे चूक समजून फेकून दिले होते म्हणे?

गोष्ट सांगायला छान आहे, पण पूर्ण खरी नाही. 1985 मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश त्रयीनं अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरच्या डॉब्सन उपकरणाचे आकडे छापले: ऑक्टोबरची सरासरी एकेकाळी 300 च्या आसपास होती, ती 200 पर्यंत उतरली होती. जपानचे शिगेरू चुबाची यांनी तिथल्याच स्योवा तळावरचे कमी आकडे त्याच्या आदल्या वर्षीच मांडले होते, पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

उपग्रहाच्या प्रणालीत 180 च्या खालच्या आकड्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण पडत होती. फेकले नव्हते, बाजूला ठेवले होते. नासातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन भरतिया आणि सहकारी ते तपासतच होते, आणि 1985 मध्येच प्राग इथल्या परिषदेत भरतिया यांनी ते मांडलेही. अडचण अशी होती की ताडून बघायला दक्षिण ध्रुवावरच्या डॉब्सनचे आकडे घेतले, आणि नेमके तेच चुकीचे निघाले. माझ्या मते खरा धडा संगणकाचा नाही, ताडून बघायला घेतलेल्या मापाचा आहे. फुगे अजूनही का सोडतात, त्याचंही उत्तर यातच आहे.

बेळगावचं ऊन आताशा जास्त भाजतंय. ओझोन गेल्यामुळं काय?

नाही. आपल्याकडं ओझोनमध्ये तसा लक्षणीय बदल झालेला नाही. एप्रिल-मेत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, गाव अडीच हजार फुटांवर, आणि उष्णकटिबंधात ओझोन मुळातच कमी. अतिनील किरण इथं पूर्वीपासून तीव्र आहेत. टोपी घाला.

करार झाला, वायू बंद झाले. मग अजून मोजताय कशाला?

मॉन्ट्रियल करार 1987 चा, अंमल 1989 पासून, भारत 1992 मध्ये त्यात आला. पण वर गेलेला वायू उतरायला पिढ्या लागतात. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या अहवालाप्रमाणं 1980 ची पातळी उत्तर ध्रुवावर 2045 च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर 2066 च्या सुमारास परत यावी, तीही सगळ्यांनी करार पाळला तर. पाळतात का ते मोजल्याशिवाय कळत नाही. सीएफसी-11 हवेतून जितक्या वेगानं कमी व्हायला हवा तितका होत नाही, हे 2018 मध्ये मोजमापांतूनच उघड झालं. माग काढत गेले तर पूर्व चीनमध्ये नवं उत्सर्जन सापडलं. बोभाटा झाला आणि ते खाली आलं.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं. कार्बन डायऑक्साइड खालची हवा तापवतो आणि स्थितांबर थंड करतो. थंड स्थितांबर म्हणजे जास्त ढग. रेक्स यांच्या गटानं 2004 मध्ये दाखवलं की उत्तर ध्रुवावर ढग बनण्याजोगी थंड हवा जितकी जास्त, तितकी घट सरळ रेषेत वाढते. एका अंशानं थंडी वाढली तर सुमारे 15 युनिट जादा. क्लोरीन कमी होतोय आणि थंडी वाढतेय, यांत कुठल्या हिवाळ्यात कोण वरचढ ठरेल ते सांगता येत नाही. ज्वालामुखींचा धिंगाणा वेगळाच: 1991 च्या पिनाटुबोनं कण वाढवले आणि घटही वाढली.

माझी काळजी वेगळी आहे. एमएलएस म्हातारं झालंय, आणि त्याच्यासारखं रात्री, थराथरानं इतके वायू मोजणारं दुसरं काही तयार उभं नाही.

आमच्या फ्रीजचा गॅस?

नवीन असेल तर त्यानं ओझोनला धक्का लागत नाही. जुन्या एसीतल्या आर-22 या वायूनं थोडा लागतो. दुरुस्तीवाला गॅस हवेत सोडून देत असेल तर हटका. नवे वायूही पृथ्वी तापवतात.

यात आपल्या लोकांचा काही हात आहे का?

भरपूर. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे के. आर. रामनाथन हे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष होते. पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात अॅना मणी यांनी 1960 च्या दशकात भारतीय बनावटीचा ओझोनसोंड, म्हणजे फुग्याखालची ती ओझोन मोजणारी पेटी, उभा केला. परदेशी पेटीसाठी परकीय चलन मागत बसण्याचे ते दिवस होते, आणि मापाबाबत त्या कडक होत्या: चुकीचं माप घेण्यापेक्षा माप नसलेलं बरं, असा त्यांचा खाक्या. अंटार्क्टिकावरच्या मैत्री तळावरून हवामान खातं ओझोनचे फुगे सोडत आलंय. उत्तरेकडं नी-ओलेसुंदला 2008 पासून हिमाद्री हा तळ आहे आणि डिसेंबर 2023 पासून तिथं हिवाळ्यातही भारतीय राहू लागले.

या तळांचा कारभार बघणारं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र कुठं आहे? वास्कोला. लोंढ्यावरून, कॅसलरॉक-दूधसागर करत गाडी खाली उतरते तिथं. मिरजेवरून वर गेलं की पुणे. बी.एस्सी., एम.एस्सी.ची पोरं बेंगळुरूच्या नोकरीशिवाय काही बघत नाहीत, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. इंग्रजीचा बाऊ करू नका. हवामानशास्त्राला भौतिक, रसायन आणि गणित लागतं, ते मराठी माध्यमातून आलेल्यालाही तितकंच येतं.

शाळेत करून बघण्यासारखं काही?

स्थितांबरातला ओझोन नाही, पण जमिनीलगतचा ढोबळ मानानं दिसतो. मक्याच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, थोडं पोटॅशियम आयोडाइड मिसळायचं, गाळणकागदाच्या पट्ट्यांवर लावून अंधारात वाळवायचं. मग पट्टी ओलसर करून सावलीत काही तास टांगायची. ओझोन असेल तर आयोडीन सुटतं आणि पट्टी निळसर-जांभळी होते. 1839 मध्ये ओझोन शोधणाऱ्या शोनबाइन यांचीच ही युक्ती, आणि फुग्याखालच्या कुपीतही सुरुवात याच क्रियेनं होते. पावसाळ्यात करू नका, दमटपणानं रंग काहीही येतो. मार्चमधली कोरडी दुपार बरी. एक पट्टी हमरस्त्याच्या कडेला आणि एक खानापूरच्या रानाकडं लावून बघा. रस्त्याकडेची जास्त रंगेल असा पोरांचा अंदाज असतो. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातो म्हणून पुष्कळदा उलटं होतं.

चालू हिवाळ्याचे आकडे कुठं बघायचे? आणि बघायचं काय?

नासाचं ओझोन वॉच आणि युरोपचं कोपर्निकस, दोन्ही फुकट आहेत, मोबाइलवरही उघडतात. रंगीत नकाशा आधी बघू नका. आधी तापमानाचा आलेख काढा: 50 हेक्टोपास्कल दाबाच्या, म्हणजे साधारण 20 किलोमीटरच्या पातळीवर ध्रुवाकडचं किमान तापमान. त्यावर 195 केल्विनची, म्हणजे उणे 78 अंशांची, रेघ असते. वक्र तिच्या खाली किती आठवडे राहिला ते मोजा. उत्तरेकडं फेब्रुवारीच्या शेवटीही तो खाली असेल तर मार्चमध्ये लक्ष ठेवा, कारण तेव्हा ऊन परतलेलं असतं. जानेवारीतच झपकन वर गेला असेल तर त्या वर्षी फारसं काही होत नाही. त्यानंतर नकाशा बघा, आणि निळा-जांभळा डाग दिसला तरी तो आकडा ‘उरलेल्या’ ओझोनचा आहे. गेलेल्याचा हिशेब संशोधक काही महिन्यांनी छापतात.